पोलादावरची वेलबुट्टी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १२४०६ क्रमांकाचं एक रिव्हॉल्व्हर आहे. कोल्ट कंपनीचं, घोडेस्वारांसाठी बनवलेल्या ‘ड्रॅगून’ जातीचं, वजनाला जवळजवळ दोन किलो. हे हत्यार साधारण १८५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कारखान्यात तयार झालं. त्याच्या गडद निळ्या पोलादावर सोन्याच्या वेली पसरल्या आहेत आणि त्या सोनेरी कामात जॉर्ज वॉशिंग्टनची मुखमुद्रा आहे. याचा जोडीदार, क्रमांक १२४०७, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. १८५४ साली कंपनीचा संस्थापक सॅम्युएल कोल्ट याने तो रशियाचा झार पहिला निकोलस याला नजर केला होता.

ही भेट नुसत्या आदरापोटी नव्हती. त्या वेळी रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात क्रिमियाचं युद्ध पेटलं होतं आणि तुर्की सुलतान अब्दुल मजीद यालाही कोल्टने असंच सोन्याचं काम केलेलं रिव्हॉल्व्हर दिलं होतं. रशिया माल घेतोय असं तो तुर्कांना सांगे आणि तुर्कस्तान घेतोय असं रशियनांना, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगितली जाते. कोल्ट जातिवंत विक्रेता होता. राजाच्या हाती एक अप्रतिम नमुना पडला की त्याच्या सैन्यासाठी हजारो साध्या नगांची मागणी येऊ शकते, हे त्याने पुरतं ओळखलं होतं. आज संग्राहक ज्यांच्यासाठी कोट्यवधी रुपये मोजतात ती नजराण्याची रिव्हॉल्व्हरं या व्यापारी हिशेबातून जन्माला आली. मात्र त्यांच्यावरचं काम ज्या हातांनी केलं, त्या हातांनी हिशेबाच्या फार पलीकडची कला मागे ठेवली.

कोल्टच्या आधीचा काळ एकबारी, ठासणीच्या हत्यारांचा. नळीत दारू भरायची, गोळी ठासायची, एक बार काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एकाच पिस्तुलातून अनेक बार काढण्याचे प्रयोग आधीही झाले होते. कोल्टला १८३६ साली अमेरिकेत ज्या रचनेचं पेटंट मिळालं तिच्यात पाच-सहा घरांचं गोल सिलिंडर होतं. अंगठ्याने घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर पुढे फिरायचं आणि पुढचा बार नळीसमोर येऊन पक्का बसायचा. कल्पना उत्तम, पण गिऱ्हाईक नव्हतं. न्यू जर्सीतल्या पॅटर्सनचा पहिला कारखाना १८४२ साली बुडाला.

कोल्टला पुन्हा उभं केलं ते अमेरिकेच्या मेक्सिकोबरोबरच्या युद्धाने. टेक्सासच्या कॅप्टन सॅम्युएल वॉकरने कोल्टला पत्र लिहून या रिव्हॉल्व्हरांची तारीफ केली, अधिक दणकट नमुना कसा असावा हे सुचवलं आणि १८४७ साली सरकारने एक हजार नग मागवले. कोल्टकडे तेव्हा स्वतःचा कारखानाही नव्हता. एली व्हिटनी (धाकटा) याच्या कारखान्यातून त्याने ते बनवून घेतले आणि सरकारी हजारावर आणखी शंभर करवले. ते काही विकण्यासाठी होते, काही मोक्याच्या माणसांना देण्यासाठी. त्यातलीच एक जोडी त्याने वॉकरला पाठवली. ती हातात पडून काही दिवसच झाले होते, तोच ऑक्टोबर १८४७मध्ये वॉमांतलाच्या लढाईत वॉकर मारला गेला.

पुढे भेटी देणं हा कोल्टच्या धंद्याचा नियमित भाग झाला. १८५० साली कनेटिकटच्या गव्हर्नरने त्याला राज्याच्या लष्करी दलात मानाचा हुद्दा दिला, तेव्हापासून तो स्वतःला ‘कर्नल कोल्ट’ म्हणवून घेऊ लागला. मुठीच्या पाठीमागच्या धातूच्या अरुंद पट्टीवर घेणाऱ्याचं नाव कोरलं जाई आणि पुढे ‘कर्नल कोल्ट यांच्या शुभेच्छांसह’ किंवा ‘संशोधकाकडून’ अशी ओळ येई. सेनाधिकारी, राजदूत, मंत्री, वजनदार माणसं यांच्याकडे अशी रिव्हॉल्व्हरं मखमलीच्या अस्तराच्या लाकडी पेट्यांतून पोहोचत. पेटीत दारूचं भांडं, गोळ्या पाडायचा साचा, बार पेटवणाऱ्या टोप्यांची डबी असा सगळा सरंजाम असे. लवकरच हे डोळ्यांवर आलं. कोल्टला आपल्या पेटंटची मुदत वाढवून हवी होती आणि त्यासाठी प्रतिनिधींना वश करण्याचे प्रयत्न चालल्याच्या तक्रारींवरून १८५४ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. मुदतवाढ मिळाली नाही. १८५७ साली पेटंट संपलं आणि रेमिंग्टन, स्मिथ अँड वेसन अशा प्रतिस्पर्ध्यांना मोकळं रान मिळालं. त्यांनीही नजराण्याची हीच वाट धरली.

शस्त्र देऊन मान करण्याची रीत भारतीय दरबारांनाही चांगली माहीत होती. मानाच्या पोशाखाबरोबर ढाल-तलवार दिली जाई. अमेरिकेत मात्र हा मान एका कारखानदाराच्या जाहिरातीशी जोडला गेला, आणि त्या जाहिरातीसाठी लागणारं कसब आलं जर्मनीतून.

गुस्ताव यंग मूळचा प्रशियाचा, जन्म १८२७चा. तरुणपणीच तो अमेरिकेत आला. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १८६९पर्यंत कोल्टचं उंची कोरीवकाम मुख्यतः त्याच्या हाताखाली होत असे. मेट्रोपॉलिटनमधलं ते सोनेरी रिव्हॉल्व्हरही त्याचंच मानतात. १८६९नंतर तो स्प्रिंगफील्डला स्मिथ अँड वेसनकडे गेला आणि १८९५ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच कोरत राहिला. त्याची मुलं ऑस्कर आणि युजीन हीसुद्धा त्याच कामात तयार झाली. कोल्टकडे त्याच्या मागून कुनो हेल्फ्रिश्ट आला आणि त्याने तर १८७१ ते १९२१ अशी पन्नास वर्षं तिथलं कोरीवकाम सांभाळलं. एवढी वर्षं, एवढं काम. तरी या माणसांची सही क्वचितच एखाद्या नगावर सापडते. मुठीवर नाव घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं. करणारा निनावी. अशी हत्यारं जमवण्याच्या छंदातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि चांगले अभ्यासक ती भरून काढण्यासाठीच झटतात.

हे काम होतं कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. कोरणाऱ्याकडे हत्याराचे भाग येतात ते ‘पांढरे’, म्हणजे घासून गुळगुळीत केलेले, पण अजून कठीण न केलेले आणि रंग न चढवलेले. पोलाद मऊ असतं तेव्हाच ते कापता येतं. भाग शिकंज्यात पक्का धरायचा, पेन्सिलीने किंवा अणकुचीदार सुईने वेलीचा कणा आखून घ्यायचा आणि मग छिन्नीवर लहान हातोडीचे भराभर, हलके ठोके देत रेघ पुढे न्यायची. वळणावर छिन्नी किंचित कलती केली की रेघ रुंद होते, सरळ धरली की बारीक. पान जिथून फुटतं तिथे खोल, टोकाला नुसता स्पर्श. एक ठोका जास्त बसला की धातूवरची चूक पुसता येत नाही. तेवढा पृष्ठभाग घासून काढावा लागतो. वेलींमधली मोकळी जागा टोकदार पंचने ठिपके मारून खरखरीत केली जाते, म्हणजे वेल उठून दिसते. यंगच्या कामात घोड्यावर लांडग्याचं किंवा कुत्र्याचं डोकं कोरलेलं पुष्कळदा दिसतं. नजर घोड्याकडे जावी आणि तिथे एक जनावर रोखून पाहत असावं, ही योजना फार देखणी आहे.

सोनं बसवायचं असेल तर आधी खाच पाडतात, तीही तळाशी जास्त रुंद. त्या खाचेत शुद्ध सोन्याची मऊ तार ठोकली की ती पसरून खाचेच्या कडांखाली घट्ट अडकते. डिंक नाही, डाग नाही. भारतीय शस्त्रकारागिरांनाही अशी खोल जडणावळ येत होती. ते तिला तहनिशान म्हणत. आपल्याकडे जास्त ओळखीची असलेली कोफ्तगिरी वेगळी. तिच्यात पोलाद बारीक आडव्याउभ्या रेघांनी खरवडून त्यावर सोन्याची तार ठोकून धरतात. झाराच्या रिव्हॉल्व्हरवरचं सोनं पोलादाच्या अंगात उतरलेलं आहे, कोफ्तगिरीतलं पोलादाच्या पाठीवर बसलेलं असतं.

कोरीवकाम पुरं झाल्यावर काही भागांना कठीणपणा देतात, काहींवर निळसर-काळी झिलई चढवतात, काहींवर चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा. हा क्रम लक्षात ठेवायला हवा, कारण खरं-खोटं ओळखण्याची एक किल्ली त्यातच आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बहुतेक प्रत्येक जुन्या कोल्टच्या सिलिंडरवर एक चित्र असतं. १८५१च्या ‘नेव्ही’ नमुन्यावर जहाजांची लढाई आहे: टेक्सासचं आरमार मेक्सिकोच्या आरमाराशी १६ मे १८४३ रोजी लढलं, तो प्रसंग. ‘वॉकर’ आणि ‘ड्रॅगून’वर टेक्सासचे रेंजर आणि कोमांची आदिवासी यांची झुंज आहे. ही चित्रं हाताने कोरलेली नाहीत. वॉटरमन ऑर्म्सबी या नोटा कोरणाऱ्या कसबी कारागिराने पोलादी ठसा कोरला आणि तो ठसा प्रत्येक सिलिंडरवर दाबून फिरवला गेला. नोटेवरच्या नक्षीप्रमाणे हे चित्र नकलाकाराला अडवण्यासाठीही होतं. ‘नेव्ही’ लाखोंनी बनलं. घरात सापडलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर चित्र आहे म्हणून ते नजराण्याचं, असं मानणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे.

न्यूयॉर्कचा एल. डी. निम्श्के याने अभ्यासकांवर मोठे उपकार करून ठेवले आहेत. तोही जर्मन, जन्म १८३२चा. तो कुणा एका कंपनीचा नोकर नव्हता. कोल्ट, रेमिंग्टन, स्मिथ अँड वेसन, विंचेस्टर अशा सगळ्यांची हत्यारं व्यापाऱ्यांमार्फत त्याच्याकडे यायची. काम झालं की कोरलेल्या भागावर शाई लावून, त्यावर कागद दाबून तो ठसा घेई आणि वहीत चिकटवून ठेवी. ही वही टिकली. १९६५ साली ती पुस्तकरूपाने छापली गेली आणि इतकी वर्षं निनावी राहिलेल्या कितीतरी हत्यारांचा कर्ता सापडला. वहीतला ठसा आणि हातातली नळी शेजारी ठेवून रेघ न् रेघ जुळवता येते. त्याची मोठी, मोकळी पानं एकदा डोळ्यांत बसली की यंगच्या घट्ट, गोल वळणांपासून ती लगेच वेगळी ओळखू येतात. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टने १८८३च्या सुमारास पश्चिमेकडे गुरं पाळायला जाताना घेतलेलं कोल्टही निम्श्केनेच कोरलं होतं. ते नजराणा नव्हतं, रूझवेल्टने स्वतःसाठी करवून घेतलं होतं. त्याच्या हस्तिदंती मुठीवर त्याची आद्याक्षरं गुंफलेली आहेत.

स्मिथ अँड वेसनची एक भेट कोल्टच्या झाराला दिलेल्या भेटीइतकीच बोलकी आहे. मे १८७१मध्ये रशियाच्या सरकारने या कंपनीशी २०,००० रिव्हॉल्व्हरांचा करार केला. त्याच वर्षाच्या अखेरीस झार दुसरा अलेक्झांडर याचा मुलगा ग्रँड ड्यूक अलेक्सिस अमेरिकेच्या दौऱ्यावर आला, तेव्हा कंपनीने त्याला कोरीवकाम केलेलं, पेटीबंद रिव्हॉल्व्हर दिलं. जानेवारी १८७२मध्ये नेब्रास्कात प्रसिद्ध शिकारी बफेलो बिल आणि जनरल कस्टर यांच्याबरोबर अलेक्सिस बायसनच्या शिकारीला गेला आणि त्याची छायाचित्रं-वर्णनं देशभर गाजली. त्या करारानंतरही रशियाच्या मागण्या येत राहिल्या.

आता किमतींविषयी. मे २०२२मध्ये अमेरिकेतल्या रॉक आयलंड ऑक्शन कंपनीच्या लिलावात रेमिंग्टनच्या कोरीव रिव्हॉल्व्हरांची एक जोडी ५१.७ लाख डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ४० कोटी रुपये. ती यादवी युद्धाच्या काळात जनरल युलिसिस ग्रँटला मिळाली होती. हस्तिदंती मुठींवर खुद्द ग्रँटचा अर्धपुतळा उठावात कोरलेला आहे. कोरीवकाम निम्श्केचं मानलं जातं. ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या नजरेआड राहिली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रूझवेल्टचं १८९८चं कोरीव स्मिथ अँड वेसन ९,१०,६२५ डॉलरला विकलं गेलं.

पण याच्या आधीचा आकडा त्याहून मोठा आहे आणि तो एका अगदी साध्या हत्याराचा आहे. शेरीफ पॅट गॅरेटने १८८१ साली ज्या कोल्टने बिली द किड या फरारी गुन्हेगाराला मारलं, ते ऑगस्ट २०२१मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात ६०.३ लाख डॉलरला गेलं. त्यावर एक वेलही नाही. बाजार गोष्टीला भाव देतो, कसबाला नंतर. यंग-निम्श्केच्या उत्तम कामाला, घेणाऱ्याचं नाव अपरिचित असलं तर, प्रसिद्ध जोडीच्या एका लहानशा अंशाइतकाच दर मिळतो. ज्याला खरोखर कोरीवकाम आवडतं त्याने या दुसऱ्या रांगेत शोधावं. तिथे गावातल्या मित्रांनी कॅप्टनला दिलेली, कर्मचाऱ्यांनी निवृत्त मालकाला दिलेली, रेल्वेतल्या कुणा अधिकाऱ्याला मिळालेली रिव्हॉल्व्हरं असतात, आणि त्यांच्यावरची पानं-फुलं तितक्याच मन लावून काढलेली असतात.

जिथे पैसा एवढा, तिथे बनावट मालही आलाच. सर्वांत सोपा डाव असा: हत्यार खरं, जुनं घ्यायचं आणि त्यावर आज वेलबुट्टी काढायची. मुठीच्या पट्टीवर एखाद्या सेनापतीचं नाव टाकलं की किंमत अनेक पटींनी चढते. जाणकार इथे भिंगाखाली कामाचा क्रम तपासतो. कारखान्यात कोरीवकाम आधी आणि झिलई नंतर, म्हणून खऱ्या नगात झिलई रेघांच्या तळापर्यंत उतरलेली असते आणि झिजही वेलीच्या उंच कडांवर व सपाट भागावर सारखीच दिसते. नंतर कोरलेल्या नगात छिन्नीने जुनी झिलई कापलेली असते, रेघांच्या कडा धारदार राहतात, किंवा ते लपवण्यासाठी साऱ्या हत्याराला नव्याने रंग दिलेला असतो. मग कारखान्याचा ठसा धूसर आणि कोरीवकाम मात्र कालचं, असा विसंगत प्रकार समोर येतो. कोल्टच्या खास नगांत नळीवरचा नेहमीचा ठशाचा पत्ता पुष्कळदा नसतो. त्या जागी कोल्टचं नाव हाताने, वळणदार अक्षरांत कोरलेलं असतं. हस्तिदंती मुठीच्या आतल्या बाजूला हत्यारावरचाच क्रमांक शाईने किंवा खरवडून लिहिलेला आहे का, हेही पाहतात.

त्यानंतर कागद. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या जुन्या नोंदवह्यांवरून पत्र मिळतं: अमुक क्रमांकाचा नग अमुक दिवशी, अमुक मुठीसह, कोरीवकामासह, अमुक व्यापाऱ्याकडे रवाना झाला. वहीत ‘साधा, निळा’ लिहिलेलं आणि हातात सोन्याची वेल असेल तर ती वेल नंतर उगवली, एवढं नक्की. कोल्टचा कारखाना फेब्रुवारी १८६४मध्ये आगीत जळाला आणि त्याआधीच्या नोंदी तुटकच उरल्या. त्यामुळे ठासणी-टोपीच्या काळातल्या नगांसाठी कुटुंबातली पत्रं, मृत्युपत्रं, जुने फोटो यांवर भिस्त ठेवावी लागते. पिस्तूलबाज म्हणून गाजलेल्या वाइल्ड बिल हिकॉकला १८६९ साली सिनेटर हेन्री विल्सनने हस्तिदंती मुठीच्या ‘नेव्ही’ची जोडी दिली असं सांगतात, ‘हीच ती’ असा दावा मात्र एकाहून अधिक रिव्हॉल्व्हरांबद्दल झाला आहे.

अलीकडे मुठीनेच नवा पेच उभा केला आहे. हत्तींच्या शिकारीला आळा बसावा म्हणून अमेरिकेने २०१६ साली आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली, ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०२२पासून लागू झाला. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना काही सवलती आहेत, पण पुराव्याचं ओझं मालकावर असतं. बंदी योग्यच आहे. तिची झळ लागून काही मालकांनी मूळ मुठी काढून लाकडी बसवल्या, हे मात्र वाईट झालं. मूठ गेली की तिच्या आतला क्रमांकही गेला.

अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार १९६८च्या कायद्यानुसार ‘अँटिक’ मानलं जातं आणि ते बाळगणं तुलनेने सोपं आहे. भारतात तसं नाही. १९५९चा शस्त्र कायदा जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट देतो ती फक्त ती दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसतील तरच. चालणारं किंवा चालू करता येणारं रिव्हॉल्व्हर, मग ते दीडशे वर्षांचं का असेना, परवान्याविना ठेवता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती परदेशी पाठवण्याची वाटही बंद होते. मराठी मुलखातल्या जुन्या सरदार-इनामदार घराण्यांत एखादं कोरीव पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर पेटाऱ्यातून निघालं तर आधी ते भरलेलं नाही ना, याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी आणि कायद्याची बाजू पोलीस ठाण्यातून समजून घ्यावी. घासायला मात्र जाऊ नये. पितळ चमकवायची पेस्ट आणि लोखंडी काथ्या यांनी जगभरात जितकी झिलई आणि सोनं खरवडून नेलं आहे तितकं लढायांनीही नेलं नसेल. मऊ सुती फडकं, तेलाचा हलका हात, एवढंच. क्रमांक, ठसे आणि मुठीवरची अक्षरं यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवावेत, आणि ते घरात कुणाकडून, कधी आलं हे थोरामोठ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवावं.